मास्तरांना पुसायचं कसं

४ फेब्रुवारी

ही डायरी नवऱ्याला एका पुस्तकविक्रेत्याने फुकट दिली. तो ग्रंथपाल आहे, त्याला डायऱ्या मिळतात. मला मिळतात ते दात घासायच्या पावडरीचे नमुने. "तुला सतत बोलायचं असतं आणि मला कधीकधी झोपायचं असतं," असं म्हणून त्याने ती माझ्या उशाशी ठेवली. आज उद्घाटन करते, कारण आजपासून आमच्या पाचव्या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू झालं.

बँडचं नाव "शेजाऱ्यांची तक्रार". वय वर्षं वीस. ज्यांनी ऐकलंय ते म्हणतात, काय बँड आहे, पण दुर्लक्षित राहिला हो! आमच्याकडे दुर्लक्ष झालं, याकडे जो तो आवर्जून लक्ष वेधतो आणि निघून जातो. चौथ्या अल्बमचे गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. पाहुणे आले की जाताना एकेक हातात देते. हल्ली पाहुणेही कमी झालेत.

आम्ही चौघं. गाणी लिहिणारा आणि गाणारा माझा धाकटा भाऊ, बाळ. बाळ एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि विमा विकतो. बास वाजवणारे काका फ्रीज दुरुस्त करतात आणि शब्द जपून वापरतात. गिटार मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी चालवायला शिकवतात. आणि ड्रम माझे. दिवसा मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर बारीक काम, मग संध्याकाळी बडवाबडवी. त्यामुळे डोकं ठिकाणावर राहतं.

रेकॉर्डिंग एका गाद्यांच्या गोदामात चाललंय. काकांच्या ओळखीने सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी किल्ली मिळते. चारी भिंतींना गाद्या उभ्या केल्या की आवाज घुमत नाही. साउंडवाल्या बाई आपली यंत्रं घेऊन येतात. जन्मभर साबणाच्या जाहिराती रेकॉर्ड केल्या, आता काहीतरी करायचंय म्हणाल्या.

आम्ही चौघं एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवतो. हल्ली असं कोणी करत नाही. हल्ली प्रत्येक जण आपापल्या सवडीने येतो, कानात तालाची टिकटिक लावून आपला भाग वाजवतो आणि घरी जातो. मास्तरांना ते नामंजूर. "एकत्र जेवायला बोलावून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत वाढतात का?" म्हणतात. त्यांची खुर्ची नेहमीप्रमाणे माझ्या ड्रमला खेटून, तोंड माझ्याकडे. एवढी मोठी खोली आहे, पण हे गृहस्थ वीस वर्षं माझ्याच मांडीवर बसून वाजवतात.

आणि या वेळी, पहिल्यांदाच, एका कंपनीने अल्बम काढायचं कबूल केलंय. छोटीशीच आहे, पण कंपनी आहे. बाळचा चेहरा दहावी पास झाला होता तेव्हा असा होता.

६ फेब्रुवारी

चार गाणी झाली. "पंखा" हे गाणं असं काही लागलं की संपल्यावर कोणी हललंच नाही. शेवटच्या कडव्यात मी तुटून पडते आणि सगळे माझ्यामागे धावत सुटतात, ती जागा ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला.

काकांना एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांचे डोळे सतत मास्तरांच्या हातावर. अहो, बास वाजवणाऱ्याने ड्रमकडे बघायचं असतं, हे आता पंचावन्नाव्या वर्षी शिकवायचं का? ताल माझ्याकडे आहे. माझी लय पक्की आहे, हे मी नाही म्हणत. वीस वर्षांत बँडमधल्या एकानेही कधी तक्रार केलेली नाही. फार पूर्वी एका पाहुण्या वादकाने "ताई, जरा पळताय" असं म्हटलं होतं. मी झांज फेकली. त्याला लागली नाही, शेजारून गेली. लोक उगाच वाढवून सांगतात.

१३ फेब्रुवारी

कंपनीवाला आला होता. पातळ मिशा, जाड घड्याळ. आठ गाणी ऐकली. मध्येमध्ये मान डोलवायचा, मध्येमध्ये थांबवायचा. मग बाळला म्हणाला, "जरा बाहेर येता?"

मी त्या वेळात सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. परतले तेव्हा तो गेलेला. बाळ आणि मास्तर गाद्यांच्या थप्पीमागे काहीतरी कुजबुजत होते. मास्तरांचा आवाज चढला होता, जो कधी चढत नाही. मी दिसताच दोघं गप्प. काका बंद फ्रीज तपासावा तसे स्वतःचे जोडे तपासत होते.

"काय म्हणाला मिशीवाला?"

"आवडलं म्हणाला, ताई. थोडं... थोडं स्वच्छ हवंय म्हणाला."

"मग झाडून घेऊ," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. चहा मास्तरांनी तसाच ठेवला.

१५ फेब्रुवारी

मास्तर बँड सोडून गेले.

बाळच्या फोनवर निरोप. "माझ्याकडून आता होणार नाही. राग मानू नका. ताईला सांभाळा." बस्स. वीस वर्षांचा हिशेब तीन वाक्यांत उरकला!

ताईला सांभाळा? मी काय काचेची बरणी आहे? सोडून जाताय ते जा, वर मला सांभाळायच्या सूचना कसल्या देता?

बाळला खोदून खोदून विचारलं. म्हणे त्यांच्याकडे शिकणारे वाढलेत, वेळ होत नाही. वीस वर्षं वेळ होता आणि पहिल्यांदा कंपनी मिळाली तेव्हा संपला. बाळ बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. बिचाऱ्याला किती लागलंय. त्याला पहिला सूर मास्तरांनीच शिकवला होता, आमच्या जुन्या घराच्या मागच्या पायरीवर बसून.

१६ फेब्रुवारी

रात्रभर तळमळले. नवरा म्हणाला, "त्यांनाच एकदा विचार ना."

"मी का विचारू? गेले ते. नाक त्यांनी कापलं आणि रुमाल मी घेऊन जाऊ?"

"कारण असेल काहीतरी."

"तू त्यांच्या बाजूने का बोलतोयस?"

"मी पुस्तकांच्या बाजूने असतो," असं म्हणून तो कुशीवर वळला. या माणसाशी धड भांडताही येत नाही.

२२ फेब्रुवारी

माझा निर्णय झाला. आठ गाणी झालीत, दोन राहिलीत. मास्तरांची गिटार काढून टाकायची, दुसऱ्याकडून वाजवून घ्यायची. ज्याला राहायचं नाही त्याचा आवाजही नको. बाळ आधी नको नको म्हणाला, मग एकदम हो म्हणाला.

साउंडवाल्या बाईंना सांगितलं, मास्तर पुसा.

"पुसते," त्या म्हणाल्या आणि एक बटण दाबलं. मास्तरांचा माईक बंद. गाणं लावलं. मास्तर होतेच! जरा लांबून, पलीकडच्या खोलीतून वाजवल्यासारखे, पण होते.

"हे कुठून येतंय?"

"तुमच्या ड्रमच्या माईकमधून. खुर्ची चिकटून होती ना त्यांची. तुमच्या प्रत्येक माईकमध्ये ते शिरलेत."

"मग तेवढे काढा."

"ताई, मळलेल्या कणकेतून मीठ काढू का मी?"

तरी त्यांनी प्रयत्न केला. मास्तर जरा कमी झाले की माझे ड्रम डब्यासारखे वाजायचे. शेवटी त्यांनी माझ्या झांजेवरचा एक माईक तेवढा लावला. त्यात सगळ्यांत जास्त मी, आणि माझ्या पाठोपाठ मास्तर. ते पायाने ठोकाही देत होते, तो ऐकू येत होता. फार वेळ ऐकवेना. मी म्हटलं, बंद करा, डोकं दुखतंय.

ठरलं असं की ती आठही गाणी पहिल्यापासून करायची. कंपनीची मुदत मार्चअखेर आहे.

१ मार्च

नवा गिटारवाला आला. केस बांधतो, म्हणून आम्ही पोनी म्हणतो. हात चांगला आहे, स्वभावही गरीब. पण त्याला टिकटिकीशिवाय वाजवता येत नाही. म्हणून सगळ्यांच्या कानात टिकटिक.

काय सांगू, दिवस फुकट गेला. यंत्र मध्येच मंद होतं. मी बरोबर जात असते आणि टिकटिक मागे पडते. साउंडवाल्या बाईंना म्हटलं, बॅटरी बघा. त्या म्हणाल्या, याला बॅटरी नसते. मग हेडफोन बदलला. मग स्टूल बदललं. मग लक्षात आलं की गोदामाची फरशीच एका बाजूला उतरती आहे. तिला पुठ्ठा लावला. तरी पोनी कडव्यामागून कडव्याला मागे राहायचा आणि माझ्याकडे घाबरून बघायचा. मी शेवटी त्याला म्हटलंच, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं."

काका एकदम खोकत बाहेर गेले. त्यांनी तपासून घ्यायला हवं.

३ मार्च

पुन्हा तेच. तीन तास वाजवून एकही गाणं पुरं नाही.

परतताना बाळ माझ्याबरोबर चालत आला. गोदाम मागे पडल्यावर म्हणाला, "ताई, ड्रम मशीनने करून बघायचे का? फक्त नमुना म्हणून. तुझी पाठ दुखते ना हल्ली?"

माझी पाठ दुखते हे खरं आहे. पण एवढ्या धामधुमीत याच्या लक्षात राहावं! लहानपणी आई कामावर गेली की याला भरवायची, न्हाऊ घालायची, शाळेत पोचवायची मी. लोक म्हणतात भाऊ मोठे झाले की विसरतात. हा नाही विसरला. मी म्हटलं, "करा नमुना, पण नमुनाच हं." त्याने रस्त्यातच माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मलाही भरून आलं.

५ मार्च

लॅबमध्ये एक कवळी तिसऱ्यांदा परत आली. पेशंट आजी दोन वेळा डॉक्टरांना "छान बसली" म्हणाल्या आणि घरी जाऊन दूधपोहे खाल्ल्यासारखं सगळं गिळत राहिल्या. शेवटी सुनेने फोन केला. डॉक्टर म्हणाले, त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलल्या नाहीत. कमाल आहे. मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाते माणसांना?

हिरडीला लागत होतं तिथे घासून दिली. पाच मिनिटांचं काम होतं.

८ मार्च

आज सगळा उलगडा झाला!

साउंडवाल्या बाईंनी "पंखा" या गाण्यावर मशीनचे ड्रम बसवून ऐकवले. माझे बंद, बाकी तेच. मशीन म्हणजे काय, घड्याळच. आणि त्यावर मास्तरांची गिटार चक्क डुगडुगत होती! कुठे पुढे, कुठे मागे. दुसऱ्या कडव्यात पुढे सरकली, मग मागे आली, शेवटी तर सुसाट. काकांचा बास तिच्या मागे मागे.

म्हणजे दोष मास्तरांचा. मी टिकटिकीवर पक्की राहायला बघतेय आणि माझे हात अजून त्यांच्या डुगडुगीची सवय धरून बसलेत. वीस वर्षं मी या माणसाला सांभाळून घेत होते, आणि मला पत्ताही नव्हता.

मी हे मोठ्याने म्हटलं. बाळ म्हणाला, "हं." काका काहीच नाही. पोनी काहीतरी बोलायला लागला तर बाळने त्याचा पाय दाबला, मी पाहिलं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. मास्तरांबद्दल वाईट बोलवत नाही यांना.

मशीनचंही जमलं नाही ते वेगळंच. बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांच्या माईकमध्ये आहात. मशीनच्या मागे कोणी भिंतीत खिळे ठोकतंय असं वाटतं." थोडक्यात, एक तर सगळं नव्याने करायचं, नाहीतर आहे तसं ठेवायचं. बाळ कपाळ धरून गादीवर बसला.

उद्या मी मास्तरांकडे जाणार. पुराव्यानिशी.

९ मार्च

गेले.

शिकवणीची गाडी मैदानाच्या कडेला उभी होती. मास्तर त्यांच्या जागेवर, डावीकडच्या सीटवर, पायाशी तो त्यांचा जादा ब्रेक. शिकणारी मुलगी नुकतीच उतरली होती. मला बघून म्हणाले, "ये, बस." म्हणून मला स्टिअरिंगमागे बसावं लागलं. मला गाडी येत नाही. भांडायला बसले आणि कोपर लागून हॉर्न वाजला. माझ्या भांडणाचा तिथेच निम्मा विचका झाला.

तरी मी सगळं बोलले. कंपनी मिळाल्यावर सोडलंत, मला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, बाळचं काय झालं बघा, वगैरे. मग हुकमाचा पत्ता काढला. "आणि तुमची लय डुगडुगते, मास्तर. मशीनवर लावून बघितलं आम्ही. वीस वर्षं."

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. मैदानावर कोणीतरी कुत्र्याला पळवत होतं. मग म्हणाले, "हो. माझीच डुगडुगते."

"म्हणजे कबूल?"

"कबूल. वय झालं. म्हणूनच सोडलं बघ. तू वाजव. तू सोडू नकोस."

एवढंच. वाद नाही, सबब नाही. मी शंभर उत्तरं तयार ठेवली होती, एकही लागलं नाही. गाडीचं दार उघडता येईना तर त्यांनी वाकून उघडून दिलं.

घरी आले. जिंकले म्हणायला हवं. मग जेवण का गेलं नाही कोण जाणे. नवऱ्याला सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं. तो म्हणाला, "लगेच?" मी म्हटलं, हो, लगेच. त्याने पुस्तक मिटलं.

१२ मार्च

लॅबचा फ्रीज बंद पडला म्हणून काकांना बोलावलं होतं. ते फ्रीजच्या मागे जमिनीवर बसून काम करत होते आणि मी दात लावत होते. बोलता बोलता सांगितलं, मास्तरांनी कबूल केलं बरं का, त्यांचीच लय डुगडुगत होती.

काकांचा हात थांबला.

"असं म्हणाले ते?"

"स्वतःच्या तोंडाने."

काकांनी पाना खाली ठेवला. उठून हात पुसले. मग माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले. आणि जो माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही, तो बोलायला लागला.

"ताई, मी शब्द दिला होता, पण हे बरोबर नाही. हे त्यांनी आपल्या अंगावर घ्यायला नको होतं." मग म्हणाले, "तू पळतेस. नेहमीच पळतेस. गाणं रंगलं की तू सुटतेस. मास्तर तुझ्याबरोबर सुटतात आणि हळूच तुला परत आणतात. म्हणून तुझ्याशेजारी बसतात. म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघतो. तू कुठे जाणार ते त्यांना आधी कळतं, मला नाही कळत."

मी म्हटलं, "कंपनीवाला?"

"मिशीवाला म्हणाला, ड्रम मशीनचे घ्या किंवा माणूस बदला, तरच अल्बम. बाळ म्हणाला, करून तर बघू. मास्तर म्हणाले, तिच्याशिवाय वाजवायचं असेल तर माझ्याशिवाय वाजवा. आणि तिला यातलं काही कळता कामा नये."

"तुम्ही कोणी मला का नाही सांगितलंत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "झांज," एवढंच म्हणाले.

मग पुन्हा जाऊन फ्रीजमागे बसले. माझ्या हातात पुढचे दोन दात होते. ते कुठे लावायचे ते मला काही केल्या सुचेना.

१३ मार्च

नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला संगीतातलं काय कळतं?" तो म्हणाला. म्हणजे माहीत होतं.

सगळ्या जगाला माहीत होतं. पोनीलासुद्धा दोन तासांत कळलं. आणि मी त्या गरीब माणसाला अंगण वाकडं म्हटलं. शिवाय उतरत्या फरशीला पुठ्ठा लावला! आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

आणि मास्तरांना गाडीत बसून काय काय बोलले मी.

१५ मार्च

बाळ आला. काकांनी त्याला सांगितलं असावं. दारातच उभा. घरात ये म्हटलं तर आला आणि लहानपणी काही फोडल्यावर उभा राहायचा तसा, भिंतीला पाठ लावून.

मी म्हटलं, "मशीन लावणार होतास माझ्या जागी."

"हो."

"आणि माझ्या पाठीचं नाव केलंस."

"हो." मग एकदम फुटला. "वीस वर्षं, ताई! वीस वर्षं कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघितली. एकाने विचारलं. मला वाटलं एकदाच, फक्त या एका अल्बमपुरतं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? खरं सांग. तू माझ्याकडे कसं बघितलं असतंस याचीच मला भीती. मी चाळिशीला आलो, मला अजून तुझी भीती वाटते."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. मशीनपेक्षाही. मला वाटायचं, माझ्या धाकाने घर उभं राहिलं. राहिलंही असेल. पण याला माझ्याशी खरं बोलता येऊ नये?

रडू आलं, लपवलं नाही. मग म्हटलं, "लाव मशीन. नव्याने करा सगळं. पोनी आहे, बाई आहेत, मुदत आहे. मी बाहेर बसते. तुझी गाणी लोकांपर्यंत जाऊ देत." मनापासून म्हटलं.

त्याने डोळे पुसले. म्हणाला, "परवाच कंपनीला 'नको' म्हणून सांगितलंय. तुझा तो 'पंखा' आणि मशीनचा 'पंखा', दोन्ही लागोपाठ ऐकले. मशीनवर माझंच गाणं ऐकताना मला कोणीतरी विमा विकतंय असं वाटलं."

"अरे गाढवा," मी म्हटलं. "मग अल्बम?"

"आपला आपण काढू. पलंगाखाली जागा आहे का अजून?"

१६ मार्च

मास्तरांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि आत बघून म्हणाल्या, "आली हो. हातात काही नाहीये, बाहेर या."

मी माफी मागितली. मला ती नीट मागता येत नाही, सवय नाही. मध्येच मी त्यांनाच झापायला लागले. "वीस वर्षं मला सांगितलं का नाहीत? मी सुधारले असते."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "सुधारली असतीस. मग आपल्या बँडला कोणी विचारलं असतं का?"

"आत्ता कोण विचारतंय?"

वहिनी आतून मोठ्याने हसल्या. मग आम्हीही. हसता हसता मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"पण मी खोटं बोलायला नको होतं," ते म्हणाले. "गाडीत. तू एवढ्या जोरात आली होतीस, मला वाटलं, घेऊ आपल्यावर, सुटेल बिचारी."

"यापुढे असं सोडवायचं नाही मला."

"बरं."

"तोंडावर सांगायचं."

"बरं, बाई. पण झांजा मी आधी घट्ट करून घेणार."

२३ मार्च

गोदाम. शेवटचं गाणं. बाळने याच आठवड्यात लिहिलं, दहावं. बाकीची नऊ जशी होती तशी राहणार: आधीची आठ, आणि नववं परवा मास्तर आल्यावर घेतलं, तेव्हा सगळेच इतके खुशीत होतो की कसं झालं ते कोणी ऐकलंच नाही. टिकटिक नाही. पोनीला मी मुद्दाम ऐकायला बोलावलं आणि त्याचीही माफी मागितली. तो इतका घाबरला की तोच सॉरी म्हणाला.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी जिवाचं रान करून लय धरली. एकेक ठोका मोजून. कुठेही पुढे नाही, कुठेही मागे नाही. हात दुखले, जबडा दुखला. गाणं संपलं. नेहमीसारखी शांतता. बाळ फरशीकडे, काका जोड्यांकडे, बाई आपल्या बटणांकडे. मास्तरसुद्धा तारा पुसायला लागले.

मला ती शांतता आता ओळखू येते. त्या आजीही डॉक्टरांसमोर अशाच बसल्या असतील.

मी काठ्या खाली ठेवल्या. दोन्ही हात वर करून दाखवले. "बोला. कसं झालं?"

मग काका म्हणाले, "वाईट."

"फार?"

"फारच," साउंडवाल्या बाई म्हणाल्या. "साबणाची जाहिरात."

मी बाळकडे पाहिलं. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "ताई, भिकार वाजवलंस. जीवच नव्हता."

चाळीस वर्षांत या पोराने मला असं कधी म्हटलं नव्हतं. कान तापले. हात काठ्यांकडे गेला, हे कबूल करते. बाळ अर्धं पाऊल मागे सरकला, पण शब्द मागे घेतला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

"मग परत घेऊ," मी म्हटलं. "बघता काय?"

या वेळी मी काही मोजलं नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला आठवतंय. पुढचं आठवत नाही. एवढंच आठवतं की बाळ ओरडून गात होता, काका हसत होते आणि माझ्या उजव्या कानाशी मास्तरांची गिटार होती. थांबलो तेव्हा मी घामाने निथळत होते आणि पोनी उभा राहिला होता.

बाईंनी बटण दाबलं. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मीही.

"शेवटच्या कडव्यात पळालीस," मास्तर म्हणाले.

"किती?"

"बरीच."

"परत घ्यायचं?"

"नको," ते म्हणाले.